हजार धावांचा अपुरा हिशेब

कल्याण पश्चिमेतील वायले नगरच्या मैदानावर ४ व ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत जे घडले, ते क्रिकेटच्या ज्ञात इतिहासात त्यापूर्वी कधी घडले नव्हते. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या भंडारी चषक स्पर्धेतील सोळा वर्षांखालील शालेय मुलांचा तो सामना होता. के. सी. गांधी विद्यालयाकडून सलामीला आलेला पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे पहिल्या दिवसअखेर ६५२ धावांवर नाबाद होता. इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेज या शाळेच्या मैदानावर ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने १८९९ साली केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याच संध्याकाळी मागे पडला. दुसऱ्या दिवशी प्रणवने हजाराचा टप्पा ओलांडला आणि १२९ चौकार व ५९ षटकारांसह तो १००९ धावांवर नाबाद असताना, ३ बाद १४६५ या धावसंख्येवर डाव घोषित करण्यात आला.

कल्याणचे नाव त्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. रिक्षा चालवून संसार करणाऱ्या बापाच्या मुलाने हे करून दाखवावे, याचे कौतुक सर्वांना वाटले आणि ते वाटणे योग्यच होते. सचिन तेंडुलकरने आपल्या स्वाक्षरीची बॅट त्याला भेट दिली; असोसिएशनने दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. इतका वेळ उभे राहून इतक्या धावा काढण्यास जी चिकाटी लागते, ती पंधरा वर्षांच्या मुलात असणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या खेळीला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे तरी मान्य करावयास हवे.

परंतु धावफलकाला दोन बाजू असतात. समोरच्या आर्य गुरुकुल संघाचा पहिला डाव ३१ धावांत आटोपला होता आणि दुसरा ५२ धावांत आटोपला. एक डाव आणि १३८२ धावांनी सामना संपला. त्या संघातील मोठी मुले परीक्षेच्या तयारीमुळे आली नव्हती आणि त्यांच्या जागी बारा-तेरा वर्षांची मुले उभी करावी लागली, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. त्यांतील अनेकांनी सीझन बॉलने फारसा खेळ केलेला नव्हता. मैदानाची एक बाजू आखूड होती. झेल वारंवार सुटत होते. दोन दिवसांतला बहुतेक वेळ ही मुले सीमारेषेपलीकडचे चेंडू आणण्यात घालवीत होती. त्यांच्या हाती पडले ते एवढेच.

हा दोष कोणाचा, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला आणि लगेच बाजूलाही पडला. फलंदाजाचा तो नव्हता. हाती बॅट दिलेल्या मुलाने धावा काढू नयेत, असे कोण म्हणेल? समोरच्या मुलांचा तर नव्हताच. एखाद्या शाळेवर वा शिक्षकावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या सामन्यात नियमाविरुद्ध काहीच घडले नव्हते, ही त्यातील खरी अडचण आहे. जे घडले ते नियमात बसत होते. तेव्हा तपासावयास हवेत ते नियम, आणि मोठ्यांनी मुलांच्या खेळाकडून बाळगलेल्या अपेक्षा.

विजय आणि विक्रम

शालेय खेळात जिंकणे महत्त्वाचे की घडणे महत्त्वाचे, असा वाद नेहमी घातला जातो. वायले नगरच्या सामन्याने या वादातील एक गफलत उघडी केली. ३१ धावांत बाद झालेल्या संघाविरुद्ध आघाडी घेण्यास ३२ धावा पुरतात. दोनशे-तीनशे धावांनंतर त्या सामन्याचा निकाल कोणाच्याही मनात संशयित राहिला नसता. म्हणजे त्यानंतरच्या हजारांहून अधिक धावा विजयासाठी नव्हत्याच. त्या विक्रमासाठी होत्या. विजयाला काही मर्यादा असते. तो मिळाला की संपतो. विक्रमाला आणि त्यामागून येणाऱ्या प्रसिद्धीला अशी मर्यादा नसते. जिंकण्याच्या ईर्ष्येला आपण जे दोष देतो, त्यांतील बरेच वस्तुतः या दुसऱ्या हव्यासाचे असतात.

याउलट उदाहरण मुंबईच्याच शालेय क्रिकेटमध्ये आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन ३२६ आणि विनोद ३४९ धावांवर नाबाद राहिले. ही भागीदारी सर्वांना पाठ आहे. तिच्याविषयीची दुसरी गोष्ट तितकी लक्षात घेतली जात नाही. त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर यांना डाव केव्हाच घोषित व्हावयास हवा होता. त्यांचे सहायक सीमारेषेवरून खुणा करीत होते आणि दोन्ही मुले तिकडे न पाहण्याचे नाटक करून खेळत होती. अखेर सरांचा निरोप थेट आला, तेव्हा डाव घोषित करावा लागला. कांबळीला साडेतीनशे पुरे करण्यासाठी आणखी एक धाव हवी होती, तीही मिळाली नाही. सामना जिंकावयाचा तर समोरच्यांना बाद करण्यास वेळ हवा, एवढाच सरांचा हिशेब असावा. मुलांना विक्रम हवा असतो, हे स्वाभाविक आहे. तो कोठे थांबवावयाचा हे ठरविण्यासाठीच मैदानाबाहेर एक मोठा माणूस असतो.

याच आचरेकरांची दुसरी एक रीत प्रसिद्ध आहे. सरावाच्या अखेरीस ते यष्ट्यांवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला ते नाणे. कोणीच करू शकला नाही तर ते सचिनचे. या छोट्याशा युक्तीत जिंकणे आणि घडणे यांचे भांडण कोठेच दिसत नाही. फलंदाजाला जिंकावयाचे होते म्हणून तो दमल्यावरही एकाग्र राहात होता. गोलंदाजांना जिंकावयाचे होते म्हणून ते जीव तोडून चेंडू टाकीत होते. नाणे एकाला मिळे, शिकत मात्र सगळेच. स्पर्धा अशी आखता येते, हेच यातून ध्यानात घ्यावयाचे.

बाद पद्धतीचे गणित

आपल्या शालेय स्पर्धा मात्र तशा आखलेल्या नाहीत. क्रिकेट असो, फुटबॉल असो की कबड्डी, बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीने होतात. तिचे गणित साधे आहे. चौसष्ट शाळा उतरल्या तर त्रेसष्ट सामन्यांत विजेता ठरतो. पण त्यांपैकी बत्तीस शाळांचा हंगाम पहिल्याच सामन्यात संपतो. जून-जुलैपासून सराव केलेल्या मुलांना वर्षाकाठी एक सामना मिळतो. त्या एका सामन्यातही सातव्या क्रमांकाच्या फलंदाजाला कदाचित चार चेंडू मिळतात, आणि राखीव मुलांना पाणी नेण्यापलीकडे काहीच मिळत नाही. ज्यांना खेळाची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच तो सर्वांत कमी मिळावा आणि जे आधीच तयार आहेत त्यांना सर्वांत अधिक, अशी ही व्यवस्था आहे. शाळेतील गणिताच्या तासाला कच्च्या मुलांना पहिल्या चाचणीनंतर वर्गाबाहेर काढले, तर पालक गप्प बसणार नाहीत. मैदानावर तेच निमूटपणे चालते.

अशा पद्धतीत क्रीडाशिक्षकाने काय करावे? एक पराभव म्हणजे वर्षाचा शेवट असेल, तर तो अंगाने थोराड, लवकर वाढलेल्या मुलांनाच निवडणार. चौदा वर्षांखालील गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा यांच्यात जवळजवळ वर्षाचे अंतर असते. त्या वयात ते अंतर उंचीत, ताकदीत आणि वेगात स्पष्ट दिसते. निवड चाचणीत या अंतरालाच गुणवत्ता समजले जाते. उशिरा वाढणारा मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी बरोबरीला येतो, पण तोवर त्याने मैदान सोडलेले असते. याच दडपणातून जन्मतारखांचे खोटे दाखले येतात आणि हाडांच्या तपासण्या करून वय ठरविण्याची वेळ क्रीडा संघटनांवर येते.

त्यात प्रमाणपत्राची भर पडली आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्र या पायऱ्यांप्रमाणे ते वाढत जातात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत आणि त्यासाठी वरच्या स्पर्धांतील प्रावीण्य दाखवावे लागते. या सवलतींमागचा हेतू चांगलाच आहे. खेळात घालविलेला वेळ वाया गेला नाही, असे मध्यमवर्गीय पालकाला वाटावे म्हणून त्या आल्या. परंतु त्यांचा परिणाम असा झाला की, मुलगा काय शिकला यापेक्षा संघ कोणत्या फेरीपर्यंत पोचला, याला घरातही किंमत आली. शाळेच्या वार्षिक अहवालात चषकांची संख्या छापली जाते. शाळेतील किती मुले वर्षभर मैदानावर आली, हा आकडा त्या अहवालात सहसा नसतो.

फुटबॉलने शोधलेला मार्ग

हा प्रश्न केवळ ठाणे-कल्याणचा नाही आणि केवळ क्रिकेटचाही नाही. फुटबॉलच्या जगात त्याची चर्चा अधिक पद्धतशीरपणे झाली आहे. नॉर्वेने १९८७ सालीच मुलांच्या खेळाविषयी राष्ट्रीय नियम केले. तेथे मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत निकालांचे आणि गुणांचे तक्ते ठेवले जात नाहीत. इंग्लंडमध्ये २०१२ साली मंजूर झालेल्या फेररचनेनुसार लहान मुले आधी पाच-पाच, मग सात-सात, मग नऊ-नऊ अशा संघांत आणि लहान मैदानांवर खेळतात. अकरा जणांचा संघ त्यानंतर येतो. जर्मनीसारख्या विश्वविजेत्या देशानेही २०२४ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांसाठी छोट्या संघांचे आणि छोट्या गोलांचे सामने सक्तीचे केले. यामागचे कारण भावनिक नाही. मोठ्या मैदानावर बावीस मुलांत एखाद्या आठ वर्षांच्या मुलाच्या पायाला चेंडू क्वचितच लागतो. तीन-तीनच्या खेळात तो सतत लागतो. ज्याच्या पायाला चेंडू लागत नाही, तो फुटबॉल शिकत नाही, इतके ते सरळ आहे. क्रिकेटमध्येही ऑस्ट्रेलियाने हाच धडा घेतला. तेथील सर्वांत लहान गटात बावीस यार्डांऐवजी सोळा मीटरांची खेळपट्टी, सात-सात जणांचे संघ आणि प्रत्येकाला फलंदाजी व गोलंदाजी, अशी रचना आहे.

ठाणे जिल्ह्यालाही या विचाराचे एक दर्शन घडून गेले आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा भारतात झाली आणि तिचे काही सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळले गेले. त्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा संकल्प सोडण्यात आला आणि शाळाशाळांतून चेंडू वाटले गेले. त्या दिवशी मोजावयाचे होते ते गोल नव्हेत, खेळणारी मुले. शासनाने निदान एक दिवस तरी हा हिशेब मांडला, हे विसरता कामा नये. तो एका दिवसाचा सोहळा ठरू नये, वर्षाचा परिपाठ व्हावा, एवढेच उरले आहे.

जिंकणे काढून टाकावे काय?

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पुढचे जग स्पर्धेचेच आहे; मग मुलांना कापसात गुंडाळून का वाढवावे? मुंबईचे क्रिकेट मोठे झाले ते खडूसपणावर, सहजासहजी विकेट न देण्याच्या हट्टावर. हा हट्ट लहानपणीच अंगी बाणवावा लागतो. शिवाय मुलांना स्वतःलाच जिंकावयाचे असते; गल्लीत तीन विटांच्या यष्ट्या लावून खेळणारी मुलेही धावा चोख मोजतात आणि एका धावेवरून भांडतात.

या म्हणण्यात तथ्य आहे. जिंकण्याची इच्छा काढून टाकलेला खेळ हा कवायतीसारखा होतो. परंतु त्याच गल्लीतल्या मुलांकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. संघ असमान झाले की ती मुले स्वतःच दोन्हीकडचे गडी बदलून घेतात. लहानग्याला सांभाळून घेण्यासाठी त्याला कच्चे लिंबू मानतात. सगळ्यांना बॅटिंग मिळालीच पाहिजे, हा त्यांचा न लिहिलेला नियम असतो. एकतर्फी खेळात मजा नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. खडूसपणाही चुरशीच्या सामन्यातच अंगी येतो. एक डाव आणि १३८२ धावांच्या विजयात तो कोणालाच शिकावयास मिळत नाही; जिंकणाऱ्यालाही नाही. गोलंदाजाच्या चेंडूने कसोटीच पाहिली नाही, तर हजार धावांच्या खेळीनंतरही फलंदाजाला पुढच्या इयत्तेची तयारी मिळालेली नसते.

याची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. कॉलिन्सला त्याच्या त्या खेळीची कीर्ती जन्मभर पुरली. पण प्रथम दर्जाचे क्रिकेट तो कधीच खेळला नाही आणि १९१४ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. प्रणव धनावडेच्या बाबतीत १००९ हा आकडा प्रत्येक पुढच्या खेळीपुढे उभा राहिला. अपेक्षेप्रमाणे खेळ होत नाही, तेव्हा शिष्यवृत्ती थांबवावी, असे २०१७ साली त्याच्या कुटुंबानेच असोसिएशनला कळविले. एका रिक्षाचालकाच्या घराने दाखविलेला हा प्रामाणिकपणा त्या विक्रमाइतकाच मोठा आहे. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या अपयशाचा असा हिशेब द्यावासा वाटावा, ही वेळ त्याच्यावर आणली ती मोठ्यांनी दोन दिवसांत त्याच्या खांद्यावर ठेवलेल्या ओझ्याने.

याच पट्ट्यातला दुसरा मुलगा अजिंक्य रहाणे. डोंबिवलीच्या एका लहानशा शिबिरात, मॅटिंगच्या विकेटवर त्याने सुरुवात केली. पुढे प्रवीण आमरे यांचे मार्गदर्शन त्याला मिळाले. शालेय वयात त्याचे नाव कोणत्या विश्वविक्रमासाठी छापून आले नाही. मेलबर्नला डिसेंबर २०२० मध्ये, आधीच्या कसोटीत ३६ धावांत कोसळलेल्या संघाचे नेतृत्व करताना त्याने ११२ धावा केल्या आणि ती मालिका भारताने २-१ अशी जिंकली. एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही, हे खरे. तरी लहानपणी प्रसिद्धी न मिळणे म्हणजे मागे राहणे नव्हे, एवढा दिलासा पालकांनी त्यातून घ्यावयास हरकत नाही.

नियमांत काय बदलता येईल

उपदेशाने यात फरक पडणार नाही. फरक पडेल तो स्पर्धेच्या नियमांनी. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक शाळेला किमान तीन सामने मिळावेत. चौसष्ट शाळांचे चार-चारांचे सोळा गट केले तर साखळीचे शहाण्णव आणि पुढचे पंधरा, असे एकशे अकरा सामने होतील. मैदाने कोठून आणावयाची, हा प्रश्न खराच आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले असले, तरी कल्याण-डोंबिवलीतल्या इमारतींच्या गर्दीत ते शोधावे लागते. पण दोन दिवसांच्या एका सामन्यात अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे चार सामने बसतात. मैदान तेवढेच, खेळणारी मुले चौपट.

दुसरी गोष्ट, चौदा वर्षांखालील गटात ठरावीक धावा झाल्यावर फलंदाजाने निवृत्त व्हावे आणि बाकीचे बाद झाल्यास पुन्हा यावे. सोळा वर्षांखालील गटात निदान आघाडीला मर्यादा असावी. ती गाठली की डाव संपला असे मानावे. तिसरी, साखळी सामन्यांत चमूतील प्रत्येक मुलाला काही षटके फलंदाजी वा गोलंदाजी मिळाल्याखेरीज संघाला गुण मिळू नयेत. चौथी, नव्याने खेळू लागलेल्या शाळा आणि मुरलेल्या शाळा यांच्या वेगळ्या श्रेणी असाव्यात आणि दहावीच्या पूर्वपरीक्षांच्या महिन्यात या मुलांचे सामने ठेवू नयेत. यांतील एकाही बदलाला पैसा फारसा लागत नाही. जिंकण्याची चुरसही त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. कारण मग दहाव्या-अकराव्या मुलाला तयार केल्याखेरीज संघाला जिंकताच येणार नाही. घडविणे हीच जिंकण्याची अट झाली, की त्यांच्यातला विरोध बराचसा आपोआप मिटतो.

पालकांच्या वाट्याचे कामही थोडे आहे. संध्याकाळी मैदानावरून आलेल्या मुलाला ‘जिंकलात का?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो. ‘आज बॉलिंग मिळाली का? कॅच घेतलास का?’ हे प्रश्न त्याच्या आधी यावयास हवेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अकरा जणांवर आणि नशिबावर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर मुलाचे स्वतःचे असते.

वायले नगरच्या त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करणारी मुले आता विशीत आली असतील. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत आणि ती ठाऊक असण्याचे कारणही नाही. त्या दोन दिवसांनंतर त्यांच्यापैकी किती जण पुन्हा मैदानावर उतरले, याची नोंद कोणत्याही धावफलकात सापडत नाही. शालेय क्रीडा खात्याने आणि संघटनांनी पुढच्या हंगामापासून ही एक नोंद ठेवावयास घेतली तरी पुष्कळ होईल: या वर्षी हरलेल्या शाळेतील किती मुले पुढच्या वर्षी परत आली.